सांगड : नाथसागर, खडकवासला आणि पडद्यावरची होडी

आजचा थ्रेड नेहमीपेक्षा वेगळा आहे आणि बराच लांबही. ताम्रपट, बखरी आणि किल्ले यांना आज विश्रांती. विषय आहे पाणी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू. त्या संगणकाच्या पडद्यावर त्याच क्षणी, आपल्या बोटाच्या हालचालीसरशी, तरंगू कशा लागल्या याचा हा इतिहास आहे. सवडीने वाचावा.

आरंभ दोन दृश्यांनी करते. पहिले दृश्य आपल्यापैकी अनेकांनी २०२३ साली बातम्यांत पाहिले असेल. आमच्याच जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यात भिव धानोरा हे गाव आहे. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचे पाणी मध्ये पसरलेले असल्यामुळे तेथील लहान मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हाताने पाणी मागे लोटत शाळेला जात होती. दुसरे दृश्य पाचोडमधील आमच्या घरातले. माझा धाकटा भाऊ मोबाइलवरच्या एका खेळात होडी चालवत होता. होडी वळली की पाणी फाटत होते, लाट काठाला आपटून परत येत होती आणि त्या परतलेल्या लाटेने होडी डुलत होती. त्याने सहज विचारले, "ताई, हे पाणी कुणी आधी काढून ठेवलंय, की आत्ता होतंय?"

उत्तर असे की ते आत्ता होते आहे. परंतु या 'आत्ता'पर्यंत पोहोचायला सुमारे दोनशे वर्षे लागली, आणि त्या वाटेवर पुण्याजवळचे खडकवासला लागते, पाटणकर आडनावाची दोन माणसेही भेटतात. हे मला ठाऊक नव्हते. ग्रंथालयात जलसिंचनाचे जुने अहवाल चाळताना एकेक धागा हाती येत गेला.

आधी एक शब्द पाहू. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण दोन गोष्टींचा मेळ बसवणे या अर्थी वापरतो. मूळ सांगड मात्र पाण्यावरची आहे. एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या, किंवा पोहण्यासाठी जोडून बांधलेले भोपळे, हा अर्थ मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला आहे. पूल नसलेल्या गोदावरीच्या काठी भोपळ्यांची सांगड ही चैनीची वस्तू नव्हती. हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तो अगदी मूळ अर्थाने उपयोगी पडणार आहे.

तरंगण्याचे गणित अर्थात जुने. बुडालेल्या भागाने जेवढे पाणी सारले तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका वरचा रेटा, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो. मात्र तरंगणे वेगळे आणि उलटे न होता तरंगणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नाची पक्की मांडणी पिएर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने १७४६ साली जहाजबांधणीवरील आपल्या ग्रंथात केली. वस्तू किंचित कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे वरच्या रेट्याची रेषा सरकते. ही रेषा वस्तूच्या मध्यरेषेला जेथे छेदते तो बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर वस्तू पुन्हा सरळ होते. खाली असेल तर उलटते.

थर्माकोलचा तुकडा पाण्यावर एकटा असताना बुडत नाही आणि उलटला तरी कोणाचे काही बिघडत नाही. त्यावर दप्तरासह मूल बसले की सारे वजन वर येते आणि पाया अरुंद राहतो. मूल पुढे झुकले, मागून कोणी हलले, की बुगेरचा तो बिंदू खाली येऊ लागतो. 'थर्माकोल बुडत नाही, मग भीती कसली?' असे म्हणणाऱ्याने आर्किमिडीज वाचलेला असतो. बुगेर वाचलेला नसतो.

आता वाहत्या पाण्याकडे. आपल्या प्रदेशाला पाण्याचे गणित नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याची आठवण जपून आहे, आणि त्यांच्या 'लीलावती'त तळ्यातल्या कमळाचे प्रसिद्ध गणित आहे. पाण्यावर अर्धा हात उभे असलेले कमळ वाऱ्याने कलत कलत दोन हातांवर बुडते, तर तळे किती खोल? उत्तर पावणेचार हात. गणित देखणे आहे, पण त्यात पाणी स्थिर आहे. वारा कमळाला हलवतो, कमळ पाण्याला हलवत नाही.

हलत्या पाण्याची समीकरणे आली ती एकोणिसाव्या शतकात. पूल बांधणारे फ्रेंच अभियंते क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये केलेल्या मांडणीतून चिकट द्रवाच्या गतीचे नियम हाती आले. नियम लिहिता आले, सोडवता मात्र येईनात. त्रिमितीत या समीकरणांची सुरळीत उत्तरे नेहमीच असतात काय, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे आणि २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस आहे. १८७१ मध्ये सँ-व्हनाँ यांनी नदी-कालव्यांसाठी एक सोपी वाट काढली. पाणी रुंदीच्या मानाने उथळ असेल तर खोलीतली प्रत्येक हालचाल मोजू नका. ठिकठिकाणची उंची आणि वेग एवढेच मोजा. हे उथळ पाण्याचे गणित पुढे दोन अगदी वेगळ्या घरांत नांदले. एक घर पूर-अंदाजाचे, दुसरे मोबाइलवरच्या खेळाचे.

जे कागदावर सुटत नाही ते पाण्यालाच सोडवायला लावावे, हा अभियंत्यांचा जुना उपाय. विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून मोठ्या जहाजांचा रोध काढला. १८७२ मध्ये टॉर्की येथे त्यासाठी त्यांचा हौद उभा राहिला. आपल्याकडे या परंपरेचे घर म्हणजे खडकवासला. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी एक विशेष विभाग सुरू केला. दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी पाणथळ आणि खारवट होत होत्या, ही तेव्हाची चिंता. पुढे हे काम खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आले, कारण प्रयोगाला लागणारे पाणी तेथे उताराने आपोआप मिळे. नंतर संस्था केंद्र सरकारकडे गेली. आज ती केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा म्हणून ओळखली जाते. सर क्लॉड इंग्लिस हे तिचे घडवणारे संचालक. सक्कर बराज आणि गंगेवरचा हार्डिंज पूल यांचे प्रश्न येथे मातीच्या नद्यांवर तपासले गेले. इंग्लिस नंतर ब्रिटनमधील जलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. साम्राज्याच्या इतिहासात ज्ञान नेहमी लंडनहून इकडे आले असे आपण गृहीत धरतो. येथे ते खडकवासल्याहून तिकडे गेले.

प्रतिकृतीचे गणित सांगण्याचा मोह आवरत नाही. फ्रूडच्या नियमानुसार नदी शंभरपट लहान केली की वेग दहापट कमी होतो, आणि वाहणारे पाणी तब्बल एक लाख पटींनी कमी होते. म्हणजे धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग सुटला असे दाखवायचे, तर प्रतिकृतीत एक क्युसेक पुरतो, सेकंदाला जेमतेम अठ्ठावीस लिटर. शेतातल्या एका पाटात मावेल असा महापूर! काळही आक्रसतो. नदीतले दहा तास प्रतिकृतीत एका तासात सरतात. पाण्यावर कागदाचे कपटे किंवा लहान तरंगते गोळे सोडायचे, कॅमेऱ्याचे झाकण थोडा वेळ उघडे ठेवायचे आणि छायाचित्रात उमटलेल्या रेघांवरून प्रवाह वाचायचा, ही जलप्रयोगशाळांची जुनी रीत. तरंगणारी वस्तू येथे साक्षीदार असते.

हेच सूत्र सिनेमावाल्यांनाही उमगले होते. हौदातले खेळण्यातले जहाज पडद्यावर खेळण्यातलेच वाटते, कारण त्याच्या लाटा फार घाईने उठतात. म्हणून शंभरपट लहान जहाज दहापट वेगाने चित्रित करायचे आणि नेहमीच्या गतीने दाखवायचे. तरीही पाण्याचे थेंब फसत नाहीत. थेंबाचा आकार ठरवणारा पृष्ठताण जहाजाबरोबर लहान होत नाही, आणि इवल्या जहाजावर लिंबाएवढे तुषार उडू लागतात. खडकवासल्यातही अशीच अडचण वाळूची. नदी शंभरपट लहान केली म्हणून वाळूचा कण शंभरपट लहान करता येत नाही. तो गाळ होतो आणि गाळ वेगळा वागतो. म्हणून नदीच्या प्रतिकृतींत कित्येकदा खोलीचे प्रमाण मुद्दाम वेगळे ठेवावे लागते. प्रत्येक प्रतिकृती काहीतरी खोटे बोलते. कोणते खोटे चालेल हे ठरवणे, हीच त्या विद्येतली खरी पारख.

संगणकाच्या वाटेवरचा पहिला पांथस्थ संगणकाआधीच निघाला होता. लुई फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना हवामानाचे भाकीत हाताने आकडेमोड करून काढले. सहा तासांच्या अंदाजासाठी केलेले ते उत्तर सपशेल चुकले. तरीही १९२२ मध्ये त्यांनी ते चुकीसकट ग्रंथरूपाने छापले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. चूक पुढच्यांना कळली, कारण ती लपवली गेली नव्हती.

१९६५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे फ्रान्सिस हारलो आणि एडी वेल्श यांनी पाण्याला चौकटींच्या जाळीत बसवले. दाब चौकटीच्या मध्यभागी मोजायचा, वेग चौकटीच्या भिंतींवर, आणि पाणी कोठे आहे हे कळावे म्हणून त्यात वजनविरहित खूणकण सोडायचे. कागदाचे कपटेच ते, फक्त आकड्यांचे.

येथे पहिले पाटणकर येतात. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ साली पुण्याचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण, आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे डॉक्टरेट. १९७२ मध्ये या गुरुशिष्यांनी जी रीत प्रसिद्ध केली तिचे इंग्रजी लघुरूप 'सिंपल' असे आहे. नाव तसे, काम मात्र कठीण प्रश्नाची कोंडी फोडणारे.

कोंडी अशी. जाळीतली प्रत्येक चौकट म्हणजे शेतातला एक वाफा समजा, फक्त आधीच काठोकाठ भरलेला. पाणी दाबून लहान करता येत नाही, म्हणून वाफ्यात जितके येईल तितके त्याच क्षणी बाहेर गेले पाहिजे. हे घडवून आणतो दाब. पण दाब किती, हे सांगणारे स्वतंत्र समीकरणच नाही! पाटणकर आणि स्पाल्डिंग यांची युक्ती दारे धरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. आधी दाबाचा अंदाज करा. त्या अंदाजाने वेग काढा. मग वाफ्यावाफ्यातून फिरून बघा. कोठे पाणी जास्त येते आहे, कोठे कमी. जेथे तुंबते तेथे दाब वाढवा, जेथे तूट पडते तेथे कमी करा. पुन्हा वेग काढा, पुन्हा फेरी मारा. सगळ्या वाफ्यांचा हिशेब जुळेपर्यंत फेऱ्या चालू. १९८० मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक असताना, पाटणकरांनी या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. भट्ट्या, इंजिने, इलेक्ट्रॉनिक यंत्रांची शीतन व्यवस्था यांवर काम करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पुण्यातून निघालेली ही वाट मराठीत फारशी कोणी सांगत नाही, याचा मला अचंबा वाटतो. परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या आपल्या गौरवगाथांत जागेची टंचाई तर नाही!

अभियंत्याला उत्तर उद्या मिळाले तरी चालते. खेळणाऱ्या मुलाला सेकंदाच्या साठाव्या भागात हवे असते. चित्रसंगणनाचा इतिहास म्हणजे या घाईचा इतिहास आहे. सुरुवातीला पाण्याचा पृष्ठभाग नुसता चादरीसारखा हलवला जाई. त्यासाठी १९८६ मध्ये संशोधकांनी थेट १८०२ सालचे गेर्स्टनर यांचे लाटेचे सूत्र उचलले. १९९० मध्ये मायकेल कास आणि गॅव्हिन मिलर यांनी उथळ पाण्याचे गणित आणखी सोपे करून पडद्यावर आणले. सँ-व्हनाँचा वारसा येथे दुसऱ्या घरात शिरला. ही चादर प्रत्येक ठिकाणी एकच उंची जाणते. फुटणारी, स्वतःवर कोसळणारी लाट तिला दाखवता येत नाही.

आणि मग १९९९. जोस स्टॅम या संशोधकाने 'स्थिर द्रव' या आशयाच्या शीर्षकाचा निबंध मांडला. तोवरची अडचण अशी होती की गणिताची पावले थोडी मोठी टाकली की आकडे फुगत फुगत स्फोट होई. पाणी एका पावलात एकापेक्षा जास्त चौकटी ओलांडू नये, ही १९२८ पासून ठाऊक असलेली अट. स्टॅमने प्रश्नच फिरवला. 'या चौकटीतले पाणी आता कोठे जाईल?' असे विचारायचे नाही. 'या चौकटीत जे पाणी आहे ते कोठून आले?' असे विचारायचे. प्रवाहाच्या उलट मागे जायचे, तेथला वेग वाचायचा आणि येथे आणून ठेवायचा. वाचलेला वेग आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी असतो, म्हणून तो त्यांच्याहून मोठा होऊच शकत नाही, स्फोट टळतो. हवामानशास्त्रात ही कल्पना आधीपासून होती, पण चित्रसंगणनाला तिने नवा जन्म दिला. मला मात्र ती वाचताना हसू आले. 'हे येथे कोठून आले?' हा तर आमचा, इतिहासवाल्यांचा प्रश्न!

या सोयीची किंमत होती. सरासरी घेत गेल्याने भोवरे लवकर विरतात. पाणी मुळापेक्षा घट्ट, काकवीसारखे वागते. २००१ मध्ये स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच धुराच्या चित्रणासाठी हरवलेले भोवरे कृत्रिमरीत्या परत घालण्याचा उपाय वापरला. म्हणजे आधी खोटे, मग ते झाकायला दुसरे खोटे. अभियंता हे पाहून कपाळाला हात लावील. पण २००३ मध्ये स्टॅमने हीच रीत खेळ बनवणाऱ्यांपुढे सुमारे शंभर ओळींत लिहून दाखवली आणि कोणत्याही विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर वाहता धूर खेळवता येऊ लागला.

तरंगणारी वस्तू अजून बाकीच होती. पाणी होडीला हलवते हे सोपे. होडीखालच्या लाटेची उंची वाचायची आणि होडी तेवढी उचलायची. अगदी साध्या खेळांत हे एकाच बिंदूवर मोजतात, आणि मग होडी बुचासारखी वरखाली होते, कलत नाही. तीन-चार बिंदूंवर मोजले की ती कलू लागते. पण होडीने पाण्यालाही हलवले पाहिजे. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी. हीच ती सांगड, आणि तीच अवघड. लाकूड आणि पाणी वेगळ्या नियमांनी चालतात. दोघांचे हिशेब आळीपाळीने केले तर एकाचे उत्तर दुसऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर शिळे होते.

२००४ मध्ये मार्क कार्लसन, पीटर मुखा आणि ग्रेग टर्क यांनी यावर जो मार्ग काढला त्याचा पाया दुसऱ्या पाटणकरांच्या कामात आहे. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर नीलेश पाटणकर यांनी सहकाऱ्यांसह २००० मध्ये द्रवातून वाहणाऱ्या घन कणांसाठी एक गणिती मांडणी केली होती. कार्लसन आणि मंडळींनी ती चित्रांसाठी वापरली. कल्पना अशी की लाकडाचा ओंडकाही क्षणभर पाणीच समजायचा, फक्त वेगळ्या घनतेचे. संपूर्ण हौदाचा हिशेब एकदम करायचा. मग ओंडक्याच्या जागेतल्या 'पाण्याला' बजावायचे की तुला वाकता-विरघळता येणार नाही. सरकायचे तर सगळ्यांनी मिळून सरका, फिरायचे तर मिळून फिरा. हलका ओंडका वर येतो, जड तळाशी जातो, आणि आर्किमिडीजचा रेटा वेगळा सांगावा लागत नाही; तो हिशेबातूनच उगवतो.

चित्रे अप्रतिम होती, पण 'आत्ता' होणारी नव्हती. २००७ मध्ये केम युक्सेल, डोनाल्ड हाउस आणि जॉन कीसर यांनी ती कसर एका वेगळ्या दिशेने भरली. पाण्याच्या आतल्या चौकटी सोडून द्यायच्या. होडी हलली की तिच्याभोवती लाटेचे कण सोडायचे. प्रत्येक कण म्हणजे एक लहानसा उंचवटा. तो पसरत जातो, दुभंगतो, काठाला आपटून परततो. सगळ्या उंचवट्यांची बेरीज म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. तोच पृष्ठभाग होडीला परत ढकलतो. धाकट्या भावाच्या खेळात काठावरून परतणाऱ्या लाटेने होडी डुलत होती. तसे दृश्य आपल्या डोळ्यांदेखत घडवता येते ते अशा युक्त्यांमुळे.

आता पुन्हा पैठणकडे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. हारलो आणि वेल्श यांचा निबंधही १९६५ चाच, हा केवळ योगायोग. धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये ते उघडले गेले तेव्हा पैठण शहरात पाणी शिरले, आणि खाली नांदेडपर्यंत गोदाकाठ हवालदिल झाला. असा विसर्ग सुटतो तेव्हा खालच्या गावाला जे हवे असते ते 'आत्ता' चालणारे गणित नव्हे. त्याला नदीच्या पुढे धावणारे गणित हवे असते: सहा तासांनंतर पाणी कोठे असेल, हे आता, काही मिनिटांत. खडकवासल्याच्या प्रतिकृतीत काळ दहापट वेगाने धावे; पूर-अंदाजाच्या गणिताला त्याहून पुष्कळ वेगाने धावावे लागते. तेथे भोवरे थोडे विरले तर चालते, पण पाण्याचा एक वाफाही हिशेबातून हरवून चालत नाही. खेळात याच्या नेमके उलट.

म्हणून 'खेळातले पाणी खोटे आणि अभियंत्याचे खरे' ही विभागणी मला मान्य नाही. दोन्हीकडे सँ-व्हनाँ आहे, दोन्हीकडे काटछाट आहे. फरक इतकाच की एकीकडे चूक झाली तर होडी विचित्र डुलते, दुसरीकडे गाव वेळेत उठत नाही.

भावाला मी यातले निम्मे सांगितले. त्याने खेळातली होडी काठाला लावली आणि विचारले, यात थर्माकोल टाकता येईल का, दोघे जण बसलेले. टाकता येईल, म्हटले. घनता कमी द्यायची, वजन वर ठेवायचे. मग आम्ही कागदावर तुकड्याची लांबी-रुंदी लिहिली, दोन मुलांचे आणि दोन दप्तरांचे वजन लिहिले, आणि बुगेरचा तो बिंदू काढायला बसलो. पहिल्या खेपेला तो गुरुत्वमध्याच्या किंचित वर आला. मग भाऊ म्हणाला, पण मागचा मुलगा वल्हवायला उठून बसतो ना. आम्ही आकडे बदलले.